क्रेटमधून येणारा रायडिंग मोवर घरी जोडता येईल का?

तुम्ही विचारलंय की पेनसिल्व्हेनियात एकरभर आवाराचं घर घेतलंय, ऑनलाइन मागवलेला रायडिंग मोवर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) क्रेटमध्ये, म्हणजे मोठ्या खोक्यात येणार आहे, तर तो नवरा-बायकोने मिळून घरीच जोडावा की पैसे देऊन डीलरकडून जोडून घ्यावा.

घरी आरामात जोडता येतो. इंजिन, ट्रान्समिशन, डेक (ज्याखाली ब्लेड फिरतात ते झाकण), बेल्ट हे सगळं बहुतेक मॉडेलांत कारखान्यातच बसवलेलं असतं. आपल्या हाती उरतं ते सीट, स्टिअरिंग आणि बॅटरी. मी ओहायोत राहतो, स्वतःचा मोवर जोडलाय आणि मित्रांकडेही मदतीला गेलोय. जोडणीपेक्षा जास्त वेळ त्यानंतरच्या तपासणीला द्या, हे मी आग्रहाने सांगेन.

हे धूड सव्वादोनशे-अडीचशे किलोचं असतं. ऑर्डर देतानाच लिफ्टगेटवाला, म्हणजे माल खाली उतरवणारी फळी असलेला ट्रक येणार ना, हे विचारून घ्या. ड्रायव्हर सहसा क्रेट ड्राइव्हवेच्या तोंडाशी ठेवून जातो. सही करायच्या आधी क्रेटभोवती एक चक्कर मारा. पुठ्ठा फाटलेला किंवा सांगाडा वाकलेला दिसला तर पावतीवर तसं लिहा आणि फोटो काढा. काहीच न लिहिता सही केली की नंतर भरपाई मागणं फार अवघड जातं.

पट्ट्या कापताना हातमोजे घाला आणि तोंड बाजूला ठेवा, ताणलेली पट्टी सपकन उडते. मोवर खाली उतरवण्याआधी पॅलेटवरचे (खालच्या लाकडी चौकटीवरचे) खिळे आणि स्टेपल उपटून टाका, नाहीतर नवं टायर तिथेच पंक्चर होईल. डेक सगळ्यात वरच्या खाचेत घ्या. मोवर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर मागच्या बाजूला एक छोटा रॉड असतो. तो ओढल्याशिवाय चाकं हाताने फिरत नाहीत. जोर लावून ढकलू नका, ट्रान्समिशनचं नुकसान होतं. उतारावर मात्र हा रॉड ओढू नका, गाडी धरून ठेवायला काही उरत नाही. उतरवून झालं की रॉड परत जागेवर. ट्रान्समिशनमधली हवा काढायची कृती मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीही पहिल्या वापराआधी उरकून घ्या.

हत्यारांबद्दल एक सांगतो. भारतातून आणलेला पान्यांचा सेट इथे पुरेलच असं नाही. अनेक अमेरिकन मोवरचे नट-बोल्ट इंचात असतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण घट्ट आवळायला गेलं की नटाचे कोपरे झिजतात. इंचाचा एक साधा सेट घेऊन ठेवा.

पुढची चाकं नाकासमोर सरळ करून मगच स्टिअरिंग बसवा. बॅटरीला आधी लाल वायर, मग काळी, काढताना उलट. काळी आधी जोडलेली असली आणि लाल आवळताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतं. बॅटरीवरच्या लेबलची तारीख उलटून गेली असेल तर आधी चार्ज करा.

आता टायर. वाहतुकीसाठी त्यांत बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त हवा भरलेली असते. कारच्या टायरला 32-35 पीएसआयची सवय असल्यामुळे आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण मोवरला साधारण 10 ते 14 पीएसआय लागते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. डेकची पातळी याच हवेवर अवलंबून असते, म्हणून हवा आधी, डेक नंतर. स्पार्क प्लगची वायर काढा, जाड हातमोजे घाला आणि सपाट जमिनीवर ब्लेडच्या टोकांची उंची मोजा. डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी हवी, फरक पाव सेंटिमीटरभरच. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली हवी. हे केलं नाही तर लॉनवर पायऱ्या-पायऱ्या दिसतात आणि लोक ब्लेडला दोष देत बसतात.

तेल भरलेलं आलंय असं गृहीत धरू नका, डिपस्टिक बघा. पेट्रोल ई10 (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं) पर्यंत चालतं. पंपावर स्वस्त दिसतं म्हणून ई15 किंवा ई85 भरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीटखालचा स्विच. सीट बसवताना त्याची वायर जोडायची राहिली नाही ना, ते बघाच. मग मोकळ्या जागेत, आजूबाजूला कोणी नसताना, सीटवर बसून इंजिन चालू करा, ब्लेड सुरू करा आणि सीटवरून थोडंसं उठा. इंजिन बंद पडलंच पाहिजे आणि ब्लेड काही सेकंदांत थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर त्या मोवरने गवत कापू नका, आधी डीलरला दाखवा. हा स्विच कटकट करतो म्हणून वायर जोडून त्याला बगल देणारे लोक भेटतात. तो सल्ला चुकूनही ऐकू नका. गवत बाहेर फेकायच्या तोंडावरची झडपही काढू नका, तिथून दगड गोळीसारखा सुटतो.

उन्हाळ्यात तुमचे आई-बाबा आले की नातवाला मांडीवर घेऊन एक फेरी मारायचा मोह त्यांना होणार. प्रेमापोटीच होतो, तरी ठाम नाही म्हणा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी रायडिंग मोवर चालवायला किमान 16 वर्षांचं वय सांगते आणि लहान मुलांना त्यावर बसवूच नका म्हणते. उतारावर कापताना वर-खाली जा, आडवं नको. 15 अंशांहून जास्त चढ असेल तर तो भाग हातातल्या ट्रिमरने करा.

काही इंजिनांचं तेल पहिल्या 5 तासांनंतरच बदलावं लागतं, काहींचं बरंच उशिरा. तुमच्या मॉडेलचं काय ते बघून ठेवा. एवढं करायला वेळ नसेल तर डीलरकडून जोडून घ्यायलाही हरकत नाही. फक्त घरी आल्यावर टायरची हवा, डेकची पातळी आणि सीटचा स्विच स्वतः तपासा.