‘सोमवारी सकाळीच पोट दुखतं’ : मुलग्यांच्या शाळेविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं ख्रिस्ती संस्था चालवतात त्या मुलग्यांच्या शाळांविषयी आहेत. गोव्यात अशा शाळांच्या बाकांवर मराठी घरांतली मुलंही पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत. नावं गाळली आहेत आणि पत्रं थोडक्यात दिली आहेत.

मुलगा सातवीत आहे. शाळा म्हापशाला, घर डिचोली तालुक्यात. जुलैपासून दर सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. डबा रिकामा येतो, पण घरी पाऊल टाकताच तीन-चार चपात्या खातो. दोन कंपासपेट्या हरवल्या. विचारलं तर ‘काही नाही’. शाळेत जाऊन भांडू का? — एक आई

पोटदुखी खरी आहे हे आधी धरून चाला. भीतीचा परिणाम आतड्यांवर होतो. मूल सोंग करत नाही. दुखणं सोमवारी येतं आणि सुट्टीत नाहीसं होतं, डबा रिकामा येऊनही भूक राहते, वस्तू जातात. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की कोणीतरी छळतंय असा संशय घ्यायला हरकत नाही.

‘कोण त्रास देतो?’ असं विचारू नका. मुलग्यांच्या वर्गात नाव घेणं म्हणजे चहाडी, आणि चहाडखोराचं पुढे काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं. नावाऐवजी जागा विचारा. तेही समोर बसवून नको. तो स्कूटरवर मागे असताना किंवा दोघं शेंगा सोलत असताना विचारा. कोऱ्या कागदावर त्याला शाळेचा नकाशा काढू द्या : फाटक, व्हरांडा, शौचालय, मैदान, कँटीन, बस. जिथे जायला नको वाटतं तिथे लाल खूण, बरं वाटतं तिथे हिरवी. लाल खुणा बहुधा शौचालयावर, मैदानाच्या मागच्या कोपऱ्यावर, पीटीनंतर शर्ट बदलायच्या जागेवर आणि बसच्या शेवटच्या बाकावर पडतात. मोठं माणूस नसतं त्याच या जागा. मग वेळ विचारा. मधल्या सुट्टीची शेवटची दहा मिनिटं आणि शाळा सुटून बस निघेपर्यंतचा वेळ सर्वांत वाईट. घरी आल्याबरोबर तो शौचालयाकडे धावतो का, तेही पाहा. दिवसभर लघवी धरून ठेवणारी मुलं असतात.

पुढचे दहा शाळेचे दिवस एका वहीत नोंद ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, मूल कोणत्या शब्दांत बोललं, काय हरवलं, जवळ कोण होतं. तुमचं मत त्यात नको. फाटलेल्या शर्टाचा फोटो काढून ठेवा. नंतर वेळ मागून वर्गशिक्षकांना भेटा आणि एका पानाचा अर्ज द्या. त्यात तीनच मागण्या असू द्या : त्या जागी त्या वेळी अमुक शिक्षक उभे राहतील, बसमध्ये मुलाला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळेल, आणि दोन आठवड्यांनी अमुक तारखेला पुन्हा भेट होईल. ‘लक्ष ठेवतो’ या उत्तरावर समाधान मानू नका. लक्ष कोण ठेवणार, कुठे आणि किती वाजता, ते लिहून घ्या. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापक फादरना लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.

फाटकावर भांडलात, तर त्याच दुपारी त्याचा सूड मुलावर निघेल. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलंत, तर संध्याकाळपर्यंत तुमच्या मुलाचं नाव सगळ्या वर्गात फिरेल. ‘तूही एक ठेवून दे’ म्हणालात, तर शिक्षकांना बहुतेक वेळा दुसरा फटकाच दिसतो, आणि शिक्षा त्याला होते. शाळेकडून होणारी मोठी चूक म्हणजे दोघांना ऑफिसात बोलावून हात मिळवायला लावणं. बरोबरीच्या दोघांचं भांडण तसं मिटतं. छळात बरोबरी नसते, त्यामुळे ऑफिसात सॉरी म्हणणारा मुलगा शौचालयात त्याचं उट्टं काढतो. दोघांशी वेगवेगळं बोला, असं आग्रहाने सांगा. त्यांच्याभोवती जमून हसणाऱ्यांशीही बोलायला सांगा, कारण बघायला कोणी नसलं की बहुतेक छळ ओसरतो.

नववीचा वर्ग, पन्नासहून जास्त मुलगे. तिघंजण रोज तास मोडतात. पूर्वी गुडघ्यांवर बसवायचो, आता तेही चालत नाही म्हणतात. मग आमच्या हातात उरलं काय? — शिक्षिका, फोंडा तालुका

गोवा बाल कायदा, २००३ ने सगळ्या शाळांत शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे. गुडघ्यांवर बसवणं आणि उन्हात उभं करणं हेही त्यात आलं. कायदा नसता तरी आम्ही हेच सांगितलं असतं. चौदा वर्षांच्या मुलग्याला गुणांपेक्षा वर्गातला मान मोठा वाटतो. पन्नास जणांसमोर गुडघ्यांवर बसून जो हसतो, तो त्या दिवशी वर्गाचा नायक ठरतो. ते व्यासपीठ त्याला तुम्हीच दिलेलं असतं.

ख्रिस्ती शाळांच्या परंपरेतच याचं उत्तर आहे. इटलीतल्या तुरीन शहरात बेवारस मुलग्यांसाठी काम करणारे पाद्री डॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपली ‘प्रतिबंधक पद्धत’ थोडक्यात लिहून काढली. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन आधार. चूक होऊन गेल्यावर शिक्षा करण्यापेक्षा, चूक घडूच नये अशा रीतीने शिक्षकाने मुलांमध्ये वावरावं, हा तिचा गाभा. त्यांच्या सालेशियन संघाची पणजीतली शाळा १९४६ सालापासूनची, तेव्हा हा विचार गोव्याला परका नाही. मात्र ही पद्धत म्हणजे ढिलाई नव्हे. शिक्षकाला ती छडीपेक्षा जास्त मेहनत करायला लावते.

सुरुवात नोंदीने करा. दोन आठवडे प्रत्येक प्रसंगाच्या तीन ओळी : आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. ‘सारखाच दंगा करतो’ असं वाटणारा मुलगा ठरावीक वेळीच दंगा करतो, हे त्यातून दिसतं. मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की खोडी काढायची, बाहेर काढलं की वाचन टळतं. ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘वांड’ म्हणवून घेणं मुलग्यांना परवडतं. अशा मुलाला एकट्याला बोलावून पाठ्यपुस्तकातला शंभर शब्दांचा उतारा वाचायला द्या. दहापेक्षा जास्त शब्द चुकले तर तो मजकूर त्याला पेलत नाही. मग खालच्या इयत्तेचा उतारा देऊन पाहा. नजर आणि कान तपासून घ्या, आणि अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी आत्ताच पाठवा. दहावीला सवलत मिळण्यासाठी दाखला लागतो, आणि तो मिळायला वेळ जातो.

रोजच्या तासाला दोन मिनिटं आधी वर्गाच्या दारात उभ्या राहा. आत येणाऱ्या चार-पाच जणांना नावाने हाक मारा, त्यात या तिघांपैकी एक रोज असू द्या. फळ्यावर तीन मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं हवं. तिघांना शेवटच्या बाकावर बसवू नका, तिघांना मिळून पहिल्यावरही नको. तुम्ही वर्गात फिरता त्या वाटेच्या कडेला, एकमेकांपासून दूर बसवा. कोणी सुरू झाला की लांबून ओरडू नका. जवळ जा, हळू आवाजात नाव घ्या आणि काय करायचं तेवढंच सांगा : ‘वही उघड, तिसरं उदाहरण. दोन मिनिटांनी येते.’ आणि लगेच पुढे जा. तिथेच त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलात की ती झुंज होते, आणि मित्रांसमोर झुंज हरणं त्याला शक्य नसतं.

परिणाम भोगायला लावायचाच असेल तर तो त्याच दिवशी, चुकीशी जोडलेला आणि लवकर संपणारा असावा. बाकावर लिहिलं तर बाक पुसायचा. दहा मिनिटं घालवली तर सुट्टीतली दहा मिनिटं तेच काम करायचं. पूर्ण सुट्टी काढून घ्यायची नाही. पीटीचा तास तर कधीच काढून घेऊ नका. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे त्याचीच हालचाल बंद केली, तर पुढचे दोन तास तुम्हालाच भोगावे लागतील. तिघांमुळे सगळ्या वर्गाला शिक्षा हा तर उघड अन्याय आहे. बाकीचे मुलगे त्याने तुमच्या विरोधात जातात.

डायरीतल्या शेऱ्याबद्दल एक कळकळीची विनंती. लाल शाईची ती एक ओळ काही घरांत पट्टा काढायला पुरेशी होते. पहिला शेरा चांगला लिहा, खरा लिहा. घरी मारतात असा संशय असेल तर लिहूच नका, पालकांना बोलावून घ्या. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून अनेक शाळांत समुपदेशक येतात. तुमच्या शाळेत येत असतील तर दोन आठवड्यांची ती नोंद त्यांच्या हाती द्या. ‘हा मुलगा त्रास देतो’ एवढ्यावर त्यांना काम करता येत नाही.

आम्ही हिंदू. शाळेत रोज प्रार्थना होते, अधूनमधून मिस्साही (चर्चची सामूहिक उपासना). मुलाला बसावंच लागतं का? — पालक, पेडणे

नाही. संविधानाच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. वर्षाच्या सुरुवातीला दोन ओळींचं पत्र द्या, आणि त्या वेळात तो कुठे, कोणाच्या देखरेखीखाली बसेल ते विचारून घ्या. त्याआधी मुलालाही विचारा. असेंब्लीत मित्रांबरोबर शांत उभं राहणं काही मुलांना आवडतं.

मुलगा दहा वर्षांचा. खेळाचा प्रशिक्षक कपडे बदलताना नको तिथे हात लावतो, असं त्याने सांगितलं. शाळा म्हणते, आतल्या आत चौकशी करू. घरचे म्हणतात, मुलग्याचं काय बिघडतं? — एक वडील

मुलग्याचंही तेवढंच बिघडतं. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाला आणि मुलीला सारखाच लागू आहे. अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेची किंवा चर्चची अंतर्गत चौकशी हा तक्रारीला पर्याय नाही.

मुलाला सांगा : ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही.’ पुन्हा पुन्हा विचारू नका, कारण दर वेळी तपशील थोडे बदलतात आणि पुढे तेच त्याच्यावर उलटतं. त्याचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवा. घटना ताजी असेल तर कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात न्या, ७२ तासांच्या आत तर नक्कीच. एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने, तुमच्या समोर घ्यायचा असतो. रात्री त्याला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. सुरुवात कुठून करावी सुचत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. आणि आजपासून त्या प्रशिक्षकाच्या सरावाला पाठवू नका.

मी दहावीत आहे. तीन आठवडे झोप लागत नाही, फुटबॉल खेळावासा वाटत नाही. कधी वाटतं आपण नसलो तर बरं. बाबा म्हणतील, मुलगा असून रडतोस. — एक विद्यार्थी

तू लिहिलंस, फार बरं केलंस. तीन आठवडे झोप नाही आणि आवडता खेळ नकोसा वाटतो, हे आजारपण आहे. ते बरं होतं. मुलगा असण्या-नसण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आजच एका मोठ्या माणसाला सांग. बाबाच हवेत असं नाही. आई, मामा, वर्गशिक्षक, फादर, जो ऐकून घेईल तो. शब्द सुचत नसतील तर हे पान दाखव, किंवा एवढंच म्हण : ‘मला तीन आठवडे बरं वाटत नाही, जगू नये असंही मनात येतं. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला.’ पहिल्याने उडवून लावलं तर दुसऱ्याला सांग. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट असतो. विचार जोरात येत असतील तर एकटा थांबू नकोस, ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन कर. बांबोळीला आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटेच्या शिकवणीसाठी ती मोडत असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

हे पान ज्या घरात वाचलं जाईल तिथल्या मोठ्यांनी : मुलगा गप्प झाला असेल तर ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याच्याजवळ थांबा. घरातल्या गोळ्या आणि बागायतीची फवारणीची औषधं कुलपात ठेवा. डॉक्टरांकडे गेल्यावर थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा, म्हणजे त्याला मोकळेपणी बोलता येईल.