ब्राउझर उघडतो, पण पान उघडत नाही

ब्राउझर लगेच काढून पुन्हा टाकू नका, त्याने सहसा काही सुटत नाही. आधी त्याच वायफायवर मोबाइल चालतो का बघा, पण मोबाइल डेटा बंद करून! सगळे इथंच फसतात.

मोबाइलही अडला तर राउटरचा प्लग काढून 30 सेकंदांनी लावा. राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) दिवा लालच राहिला तर दोष बहुधा बाहेरच्या फायबरचा. खानापूरच्या पावसात फांदी पडली की संपलं. केबलवाल्याला फोन करा.

फक्त कॉम्प्युटरच अडलाय?

- तारीख-वेळ बघा. ती चुकली की ब्राउझर साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे साइट खरी असल्याचा पुरावा, नाकारतो. जुन्या डेस्कटॉपवर वीज गेल्यावर घड्याळ मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल बदला; बहुतेक सीआर2032 असतो.
- प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करा.

राउटरचं बारीक छिद्रातलं रिसेट बटण मात्र दाबू नका, सगळी सेटिंग पुसली जाते.