मरून बेरेट आणि इंजिनिअर्समधले काका

प्रश्न वाचला. सोसायटीच्या झेंडावंदनाला एक रिटायर्ड काका मरून बेरेट घालून आले, विचारलं तर म्हणाले आर्मीत इंजिनिअर्सला होतो, आणि मग मागे कुजबुज सुरू झाली की मरून तर कमांडोंची असते, काका फेकतायत. वर तुम्ही हेही विचारलंय की पोराला फॅन्सी ड्रेससाठी तीच टोपी ऑनलाइन मागवली तर चालेल का.

आधी काकांना सोडवू. मी स्वतः बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर्समधलाच, खडकीला ट्रेनिंग झालं, सतरा वर्षं नेव्ही ब्लू बेरेट घातली. इंजिनिअरवाला मरून घालू शकतो, अगदी हक्काने. आमच्याच सॅपर्सची ४११ पॅराशूट फील्ड कंपनी आहे, तिथले सगळे मरूनवाले. आर्टिलरीची पॅरा रेजिमेंट आहे, तिथेही तेच. ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल तर डॉक्टर आणि नर्सिंगवाल्यांचं युनिट, कोरियाच्या युद्धात गेलं होतं, त्यांचीही मरूनच. म्हणजे मरून ही छत्रीसैनिकांची (विमानातून पॅराशूटने उडी मारणाऱ्यांची, पॅरा म्हणतात ते) टोपी, माणूस मुळात कुठल्या खात्याचा ते बघत नाहीत. शीख जवान असेल तर बेरेटच्या जागी मरून पगडी.

पण ती भरती झाल्या झाल्या हातात पडत नाही बरं का. माझ्या बॅचचा एक सातारकडचा पोरगा, त्याने पॅरासाठी व्हॉलंटिअर केलं, आधी साधारण तीन महिन्यांचं प्रोबेशन (स्पेशल फोर्सेसला सहा), त्यात निम्मे परत आपापल्या युनिटला, मग आग्र्याला पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, तेव्हा कुठे छातीवर विंग, म्हणजे पंखांचा बिल्ला, आणि डोक्यावर मरून. तो नवी बेरेट घेऊन आमच्याकडे आला होता, ती कडक पापडासारखी असते सुरुवातीला, मग गरम पाण्यात बुडवायची, लगेच गार पाण्यात, आणि ओलीच डोक्यावर घालून उजवीकडे ओढून बसायचं वाळेपर्यंत, वरची लव दाढीच्या रेझरने काढायची. मानेवरून पाणी ठिबकतंय आणि हा दोन तास खाटेवर ताठ बसलेला. आम्ही म्हटलं दे रे एकदा, बघू कशी दिसते, तर म्हणाला हात लावायचा नाही. शेवटपर्यंत दिली नाही त्याने.

आता लोकांचा गोंधळ कुठे होतो, तर बलिदान बॅजमध्ये. खंजीर, पंख आणि खाली "बलिदान" लिहिलेलं ते चिन्ह फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसचं (एसएफ), म्हणजे कमांडोंचं. त्यामुळे मरून दिसली की कमांडो असं नसतं, बॅज बघायचा. धोनीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल, २०१९ च्या वर्ल्ड कपला ग्लोव्हजवर ते चिन्ह होतं आणि आयसीसीने काढायला लावलं, पण तो वाद क्रिकेटच्या नियमांचा होता. त्याची मरून बेरेट मात्र रीतसर आहे, टेरिटोरियल आर्मीच्या (नोकरीधंदा सांभाळून सैन्यात सेवा देणाऱ्यांच्या दलाच्या) १०६ पॅरा बटालियनचा तो मानद लेफ्टनंट कर्नल, आणि नुसती मानद पदवी घेऊन न थांबता २०१५ ला आग्र्याला जाऊन पाचही उड्या मारून आला. मला तरी त्याबद्दल आदर आहे.

आपल्याकडे अजून एक घोळ होतो, मराठा म्हटलं की हिरवी बेरेट आणि हिरवा-लाल तुरा डोळ्यांसमोर येतो. बरोबर आहे, मराठा लाइट इन्फंट्रीची तीच. पण बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला तिथल्या टांगाईलला छत्रीने उतरलेली २ पॅरा ही मूळची ३ मराठा, १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिकडे गेलेली, त्यामुळे नावापुढे कंसात मराठा आणि डोक्यावर मरून. आणि जमिनीवरून लढत येऊन त्यांना जी पलटण भेटली ती १ मराठा, जंगी पलटण! २१ पॅरा एसएफ पण आधी २१ मराठाच होती.

बाकी रंग पटकन सांगतो: काळी रणगाडेवाल्यांची, लाल मिलिटरी पोलिसांची, फिकट निळी यूएनच्या शांतिसेनेत असेपर्यंतच. एनसीसीच्या आर्मी विंगची हिरवी आणि लाल तुरा, त्यांना मराठा समजू नका. आणि गंमत म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्याच्या वरच्या साहेब लोकांचं हेडगिअर सगळ्यांचं एकसारखं करायचं ठरलं, म्हणजे जवान मरूनमध्ये आणि त्याचा जनरल नाही.

काकांचं म्हणाल तर रिटायर झाल्यावर ब्लेझर, मेडल आणि आपल्या रेजिमेंटची बेरेट अशी घालून कार्यक्रमाला जायची पद्धतच आहे, त्यात काही वावगं नाही. कुजबुजण्यापेक्षा त्यांना सरळ विचारा, कुठली कंपनी, पहिली उडी कधी. खरा असेल तर तासभर सुटका नाही तुमची.

पोराच्या टोपीचं असं आहे की कायदा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम १६८, आधी आयपीसी १४०) सैनिक असल्याचं भासवायच्या हेतूने गणवेश घालणाऱ्यासाठी आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सहा वर्षांच्या पोराला कोणी धरणार नाही. तरी माझं ऐकाल तर टोपीबरोबर बलिदान बॅज येतो तो काढून ठेवा. आणि ती टोपी भिजवून उजवीकडे बसवून घ्या हो, मागच्या वर्षी आमच्या इथे एका पोराने हॉटेलातल्या शेफसारखी फुगवून घातली होती.