काळ्या गाडीवरच्या जाळ्या

प्रश्न : नमस्कार सर, माझी काळी सेदान आहे, 2017 ची. सावलीत बरी दिसते पण उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, लाजच वाटते. दोन वर्षांपूर्वी रबिंग-पॉलिश केलं होतं, चार महिन्यांत परत जैसे थे. आता एक जण म्हणतो 4 हजारात पुन्हा रबिंग करून देतो, दुसरा म्हणतो 28 हजारात सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा संरक्षक थर) करा, विषय संपला. रोज सकाळी सोसायटीतला मुलगा गाडी पुसतो, म्हणजे स्वच्छता अगदी नियमित आहे. काय करू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि तिथेच उत्तर सापडलं. नियमित पुसणं हाच घोळ आहे हो. एकदा सकाळी खाली जाऊन त्या मुलाची बादली बघा, तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर पाणी चहासारखं झालेलं असतं आणि तोच फडका पिळून तुमच्या बॉनेटवर गोल गोल फिरतो. त्यात अडकलेली माती म्हणजे पॉलिश पेपरच. मुलाची चूक नाही, एका बादलीत वीस गाड्या पुसायच्या म्हटल्यावर तो तरी काय करणार.

रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे केसाहून पातळ. ओरखडे त्यात आहेत, रंगात नाहीत. रबिंग म्हणजे हा थर थोडा घासून सपाट करणं, आणि घासलेला परत येत नाही, त्यामुळे दर दिवाळीला रबिंग हा प्रकार बंद करा. मागच्या वेळी चार महिन्यांत ओरखडे परत आले याचं एक कारण फडका, दुसरं असं असू शकतं की ओरखडे गेलेच नव्हते, पॉलिशमधल्या तेला-मेणाने नुसते बुजले होते आणि पाच-सात वेळा धुतल्यावर उघडे पडले. म्हणून यावेळी पैसे देण्याआधी एकाच पॅनेलवर काम करून दाखवायला सांगा, मग त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण मारून पुसायला लावा आणि गाडी उन्हात काढा. तरीही पॅनेल काचेसारखं स्वच्छ दिसलं तर माणूस कामाचा. आणि पेंटची जाडी मोजायचं मीटर त्याच्याकडे आहे का हेही विचारा, नसेल तर मी तरी त्याला 2017 च्या गाडीवर मशीन लावू देणार नाही.

ओरखड्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही, नाद सोडा. आणि हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बॉनेटवर फिरवा, रव्यासारखं खरखरीत लागलं तर पॉलिशच्या आधी क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) हवा. तुमच्याकडे रेल्वेलाईन जवळ असेल तर लोखंडाची बारीक धूळ बसलेली असते, त्यावर आयर्न रिमूव्हर मारलं की जांभळे ओघळ येतात, बघायला मजा येते.

सिरॅमिकबद्दल माझं मत : तुमच्या केसमध्ये आत्ता नको. त्याने पाणी छान घरंगळतं, धुणं सोपं होतं, पण ओरखडे थांबत नाहीत, तोच फडका त्यावरही जाळ्या काढणार. शिवाय खालचं पॉलिश नीट झालं नसेल तर ते ओरखडेच कोटिंगखाली बंद होतात. नीट एकदा पॉलिश, वर सीलंट (मेणासारखा संरक्षक लेप), एवढं पुरे.

मुलाचे पैसे चालू ठेवा, त्याला फक्त काचा आणि आतलं पुसायला सांगा. बॉडी तुम्ही रविवारी धुवा, आधी नुसत्या पाण्याने माती उतरवा, मग शाम्पूची एक बादली, फडका खळबळायला दुसरी, आणि मायक्रोफायबरचा फडका सरळ रेषेत फिरवा. बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, क्षाराचे डाग बसतात.

प्रश्न : माझ्या जुन्या लाल हॅचबॅकच्या टपावर पांढरट चट्टे आलेत, कडेने पापुद्रे निघतायत. पॉलिशने जाईल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. पापुद्रे म्हणजे क्लिअर कोटच सुटलाय, पॉलिश करायला खाली काही उरलेलंच नाही, मशीन लावलं तर चट्टा वाढेल. फक्त टप रंगवून घ्या, अख्खी गाडी नको. आणि नागपूरच्या उन्हात ती उघड्यावर उभी असते ना, रंगवल्यावर आधी शेड शोधा.