बॉयलरमध्ये कोळसा आणि बायोमास एकत्र जाळल्यास चिमणीतील कार्बन डायऑक्साइडचा जैविक वाटा (म्हणजे बायोमासमधून आलेला भाग) कसा मोजावा? इंधनाच्या बिलांवरून काढलेला आकडा चालतो का?

बिलांवरून काढलेला आकडा चालवून घेणारे पुष्कळ आहेत. तो चालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याला एक जुने कारण आहे. तुम्ही लिहिले आहे की तुमच्याकडे दगडी कोळशाबरोबर सोयाबीनच्या भुसकटाचे पेलेट जातात आणि माल घेणाऱ्या कंपनीने आता जैविक वाट्याचा पुरावा मागितला आहे. जवळजवळ याच परिस्थितीत मी एकदा पोर्टहोलपाशी, म्हणजे चिमणीतील वायूचा नमुना घेण्याच्या भोकापाशी, उभा होतो. तेव्हा मला खोटे ठरवण्यात आले, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

पद्धत आधी सांगतो. चिमणीवरचा इन्फ्रारेड ॲनालायझर कार्बन डायऑक्साइड किती आहे ते सांगतो, तो कोळशाचा की भुसकटाचा हे त्याला कळत नाही. ते कळते कार्बन-१४ वरून, म्हणजे कार्बनच्या हळूहळू क्षय पावणाऱ्या किरणोत्सारी प्रकारावरून. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असल्यामुळे कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरलेला नसतो, तर यंदाच्या पिकाच्या भुसकटात तो हवेइतकाच असतो. इनामगावसारख्या उत्खननांतील अवशेषांचे वय ज्या मोजणीने काढतात, तीच ही मोजणी. फरक इतकाच की इथे वय काढायचे नसते, ताज्या आणि मृत (कार्बन-१४ न उरलेल्या) कार्बनचे मिश्रण कोणत्या प्रमाणात आहे ते काढायचे असते. फ्लू गॅसचा, म्हणजे चिमणीतून जाणाऱ्या वायूचा, नमुना कसा घ्यावा आणि कसा तपासावा यासाठी आयएसओ १३८३३ हे २०१३ चे मानक आहे. नमुना पिशवीत घेता येतो, अल्कलीच्या द्रावणात शोषून घेता येतो किंवा घन शोषकावर घेता येतो. ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्रीला (कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या पद्धतीला) मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो आणि १२ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या एक लिटर वायूत तो ६० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे नमुना कमी पडण्याचा प्रश्नच येत नाही. अशी यंत्रे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आणि अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत आहेत, पण त्यांचा मुख्य भर संशोधनावर आहे, त्यामुळे व्यावसायिक नमुना पाठवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आता माझे प्रकरण. मी तेव्हा स्टॅक मॉनिटरिंग (चिमणीतील वायूची तपासणी) करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. एका कारखान्यात दहा टनी (तासाला दहा टन वाफ देणारा) बॉयलर होता आणि ‘आम्ही ४० टक्के बायोमास जाळतो’ असे तिथले युटिलिटीचे साहेब प्रत्येक पाहुण्याला सांगत. तो आकडा खरेदीच्या बिलांवरून, वजनाच्या हिशोबाने काढलेला होता. त्यांच्याही ग्राहकाने कार्बन-१४ चा अहवाल मागितला, म्हणून आम्हाला बोलावण्यात आले. जुलैचा महिना होता, प्लॅटफॉर्मवर वारा इतका होता की पोर्टहोलच्या फटीत कोंबलेले ग्लासवूल दोनदा उडाले. मी ऑर्सॅटने (वायूतील घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने) थेट पोर्टवर वाचन घेतले, तेव्हा कार्बन डायऑक्साइड १३ टक्के आणि ऑक्सिजन ७ टक्के आला. मग तासभर पंपाने सावकाश पिशवी भरली. खाली उतरल्यावर सवयीने पिशवीतलाही वायू ऑर्सॅटवर घेतला, तर कार्बन डायऑक्साइड साडेसहा आणि ऑक्सिजन १४. प्रोबच्या (चिमणीत घातलेल्या नमुना-नळीच्या) मागची सिलिकॉन नळी उष्णतेने तडकली होती आणि निम्मी बाहेरची हवा आत ओढली गेली होती. मी दोन्ही वाचने रजिस्टरमध्ये लिहिली, नळी बदलली, पण नमुना पुन्हा घ्यायला त्या दिवशी परवानगी मिळाली नाही, कारण बॉयलर ब्लो-डाउनवर (गाळाचे पाणी काढून टाकायला) घ्यायचा होता. तीच पिशवी परदेशातील प्रयोगशाळेत गेली.

निकाल आला २७ टक्के. साहेबांनी रजिस्टर मागवले, दोन ओळींवर बोट ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘अहो, तुमच्या नळीलाच भोक आहे आणि आमच्या आकड्याला नावे ठेवता? गॅस निम्मा झाला म्हणजे बायोमासही निम्माच दिसणार.’’ आमच्या प्रयोगशाळेच्या मालकांनी माझ्याकडे पाहिले, अहवाल मागे घेतला आणि पुढच्या कामाला मला त्या कारखान्यात पाठवले नाही.

हा युक्तिवाद किती चुकीचा होता, हे मला त्या बैठकीत सांगता आले नाही. रात्री घरी बसून कागदावर मांडले तेव्हा नीट दिसले. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के असतो. पिशवीतील निम्मी हवा बाहेरची धरली, तर तिच्यातून आलेला कार्बन ०.०२ टक्के आणि चिमणीतून आलेला साडेसहा टक्के, म्हणजे पिशवीतील दर हजार कार्बन अणूंपैकी जेमतेम ३ हवेचे. मोजायचे असते ते गुणोत्तर, आणि गळतीने वायू पातळ झाला तरी गुणोत्तर जवळजवळ जागच्या जागी राहते. त्यातही गंमत अशी, की हवेतील कार्बन डायऑक्साइड ताज्या कार्बनचा असल्यामुळे गळतीने जैविक वाटा घटत नाही, वाढतो. त्यामुळे खरा आकडा २७ पेक्षा वर नव्हे, किंचित खाली, २६.८ च्या आसपास निघतो. गळतीने बिघडते ते एकूण उत्सर्जनाचे गणित, कारण तिथे टक्केवारीला वायूच्या प्रवाहाने गुणायचे असते; त्यासाठी पिशवीचे साडेसहा वापरले असते तर मी दोषी ठरलो असतो. मी तिथे पोर्टवरचे १३ वापरले होते.

मग ४० चे २७ कसे झाले? पहिले कारण अगदी शाळेतील आहे. ४० टक्के हे वजन होते, चिमणीतून कार्बन जातो. त्यांच्याच कागदांप्रमाणे कोळशात कार्बन ५८ टक्के आणि पेलेटमध्ये ४२. शंभर किलो मिश्रणात पेलेटचा कार्बन १६.८ किलो आणि कोळशाचा ३४.८ किलो, म्हणजे जैविक वाटा साडेबत्तीसच्या आसपास, तोही सगळे सुरळीत असेल तर. दुसरे कारण अंगणात पडले होते. पेलेटचे ४२ हे पुरवठादाराच्या प्रमाणपत्रातील, कोरड्या आणि स्वच्छ नमुन्याचे. त्या दिवशी काट्यावर वजन होऊन उतरलेल्या गाडीतून मी ओंजळभर पेलेट उचलले होते. ते ओले होते, बोटांनी दाबले की त्यांचा भुसा होत होता आणि तळहातावर माती राहत होती. त्या नमुन्यात कार्बन ३४ टक्के निघाला. काटा पावतीवर पाणी आणि माती यांचेही वजन इंधन म्हणूनच चढते. ३४ धरून तेच गणित केले की आकडा २८ वर येतो. शिवाय शेडच्या मागे एक ढीग फुगून, फुटून पडला होता आणि कागदोपत्री तो कधीच जळून गेला होता. म्हणून बिल हा फार तर खरेदीचा पुरावा आहे, ज्वलनाचा नव्हे. औष्णिक वीजकेंद्रांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या धोरणातील ५ टक्के पेलेटचा आकडासुद्धा इंधनाच्या मिश्रणाचा आहे. तो चिमणीतील कार्बनचा वाटा समजून लोक सर्रास लिहितात, ते चूक आहे.

तुमच्या कामाच्या आणखी दोन-तीन गोष्टी. पेलेट यंदाच्या पिकाचे असतील तर प्रयोगशाळेने दिलेल्या ‘पर्सेंट मॉडर्न कार्बन’ला (नमुन्यात ताज्या कार्बनच्या तुलनेत कार्बन-१४ किती, त्या टक्केवारीला) १०० च्या आसपासच्या संदर्भाने भागता येते. जुन्या झाडांचे लाकूड, मोडके फर्निचर किंवा लाकूडकामाचा भुसा येत असेल तर तसे करू नका. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता, त्या काळात वाढलेल्या लाकडात तो अजून आहे आणि तो तुमचा जैविक वाटा खोटा फुगवून दाखवतो. बॉयलरच्या मागे चुनखडीने गंधक काढत असाल तर चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइडही मृत कार्बनचा असतो आणि तो कोळशाच्या खात्यात जमा होतो. सिमेंटच्या भट्टीत तर निम्म्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड चुनखडीचाच असतो, म्हणून तिथे चिमणीचा आकडा इंधनाला लावताच येत नाही. कोणी कार्बन-१३ चा (कार्बनच्या क्षय न पावणाऱ्या जड प्रकाराचा) स्वस्त उपाय सुचवला तर तो ऐकून सोडून द्या. उसाचा बगॅस (चिपाड) कोळशापासून त्याने ओळखू येतो, सोयाबीनचे भुसकट येत नाही.

माझ्या विरुद्ध जाणारी गोष्टही इथेच लिहितो. माझी पिशवी एका तासाची होती आणि त्यांचा ४० चा आकडा महिन्याचा. त्या तासात फायरमनने कोळसा जास्त ओढला असेल, तर २७ हा त्या तासापुरता खरा आणि महिन्यापुरता निरुपयोगी. साहेबांनी नळीऐवजी हे कारण दिले असते तर मला गप्प बसावे लागले असते. म्हणून तुम्ही एका पिशवीवर थांबू नका. वायूच्या प्रवाहाच्या प्रमाणात नमुना घेणारी व्यवस्था लावून काही दिवसांचा, जमल्यास महिन्याचा, एकत्रित नमुना घ्या. त्यासाठी अल्कलीचे द्रावण वापरणार असाल, तर गळतीबद्दल मी वर जे लिहिले ते तिथे लागू नाही. उघडी बाटली रात्रभर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत राहते आणि तो सगळा ताजा कार्बन असतो. त्याच द्रावणाची एक कोरी, चिमणीचा वायू न सोडलेली, बाटली शेवटपर्यंत बरोबर ठेवा आणि तिचीही तपासणी करून घ्या.

बिले फेकून देऊ नका, ती पडताळणीला लागतील. गाडी काट्यावर असतानाच पेलेटचा ओलावा, राख आणि कार्बन तपासून घेतला, तर बिलांचे गणित आणि चिमणीचे गणित जवळपास जुळायला हवे. जुळले नाही तर आधी शेडच्या मागे जाऊन पाहा. आणि नमुना घेताना पोर्टवरचा ऑक्सिजन आणि पिशवीतला ऑक्सिजन, दोन्ही रजिस्टरमध्ये लिहून घ्या. ते वेगळे आले तरी लिहा आणि वरचे हजारात तीन अणूंचे गणित त्याच पानावर, सही करण्यापूर्वी, मांडून ठेवा.