तक्त्यात नसलेला रकाना

प्रिय पोरी,

तुझा तक्ता मिळाला. तीन छोट्या एसयूव्ही आणि पानभर रकाने: सनरूफ, स्क्रीन किती इंची, आतल्या दिव्यांचे रंग किती. तू रोज कुठून कुठे जातेस हा रकाना मात्र कुठेच नाही. खाली लिहिलंयस, "काका, तिन्ही चांगल्या वाटतात, काही सुचत नाही." कसं सुचेल? गाड्यांची सगळी माहिती काढलीस, स्वतःची काढलीच नाहीस.

तुला झेपेल का, कर्ज किती घ्यावं, हे तुला माझ्याहून चांगलं कळतं. मी एकच सांगणार आहे आणि तेच तेच सांगणार आहे. गाडी रोजच्या रस्त्यासाठी घ्यायची. वर्षातून एकदा डोंगरात जायचं असेल तर तेवढ्यापुरती भाड्याने मिळते.

तुझा रोजचा रस्ता मी पाहिलाय. बहुतेक वेळ पहिला-दुसरा गिअर, गाडीत तू एकटी, आणि शेवटी तळघरातलं ते पार्किंग. तिथल्या वळणावरच्या खांबाला इमारतीतल्या निम्म्या गाड्यांचा रंग लागलाय. त्या खांबाशी तुझी रोज दोनदा गाठ आहे, डोंगराशी नाही. गाडीची रुंदी आरशांसकट मोज. वळायला किती जागा लागते तेही विचार. तुझ्या तक्त्यात लांबी तेवढी आहे.

एसयूव्ही दणकट वाटते, मान्य. उंच बॉनेट आणि चाकांभोवती काळं प्लास्टिक असलं की कुणालाही वाटेल. पण छोट्या एसयूव्ही बहुतेक हॅचबॅकच्याच सांगाड्यावर बांधलेल्या असतात. फोक्सवॅगनची टी-क्रॉस पोलोच्या प्लॅटफॉर्मवर आहे, फोर्डची इकोस्पोर्ट फिएस्टाच्या होती. बहुतेकींत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे चिखलात रुतायचं तर ही पण रुतते. शिवाय वजन जास्त, आणि सिग्नलला थांबून निघताना दर वेळी ते नव्याने ओढायचं. इंधन तिथे जातं.

खड्ड्यांचं म्हणशील तर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच ते, बघितलास, टायर बघितलास का? टायरच्या कडेवर 215/60 लिहिलेलं असेल तर रबराची उंची 215 मिलिमीटरच्या 60 टक्के, म्हणजे 129. तेच 215/50 असेल तर जेमतेम 107. सगळ्यात वरच्या व्हेरिएंटला मोठी चकचकीत अलॉय चाकं देतात आणि खड्ड्यात रिमला वाचवणारं रबर कमी करतात. टायर बदलायला गेलीस की तेच महागही पडतात. खालचं व्हेरिएंट घे म्हटलं की तुम्हा मुलांना कमीपणा वाटतो, काय करणार!

डिझेल मात्र नकोच. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग वेगात पळावी लागते. तुझ्या रस्त्यावर ती पळणार कधी? फिल्टर तुंबेल, दिवा लागेल, आणि मग वर्कशॉपच्या खेपा. पुन्हा तेच: रोजचा रस्ता.

आणि उंच गाडी म्हणजे सुरक्षित, हे डोक्यातून काढ. उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो, आणि वळणावर गाडी जास्त कलते. क्रॅश टेस्टचा निकाल नेमका कुठल्या मॉडेलचा आहे ते वाच. ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, आणि सहा एअरबॅग तू घेणार त्याच व्हेरिएंटमध्ये आहेत ना, तेही बघ.

उंच गाडीच्या बाजूने मला पटणारं एकच कारण आहे, बसण्याची उंची. माझे वडील शेवटी शेवटी गुडघ्यांनी हैराण होते. माझ्या बुटक्या गाडीत बसताना एक हात छताला, एक दाराला धरायचे, आणि बसल्यावर जरा वेळ बोलायचे नाहीत. उंच गाडी घे असं घरचे सगळे म्हणत होते. मी घेतली नाही. ते माझ्याबरोबर महिन्यातून एखाद्या वेळी येत, मी रोज एकटा जात होतो. हिशोब बरोबरच होता, आजही मी तो तसाच मांडीन. तरी त्यांचा छताला धरलेला हात आठवतो, आणि बायको अजून ऐकवते. तुझ्या आईला तू रोज सोडणार असशील तर माझं सगळं विसर आणि उंच गाडी घे. पण खरंच रोज सोडणार आहेस का, हे आधी तिला विचार.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी घेऊ नकोस. शोरूमवाले नेतील त्या गुळगुळीत रस्त्यानेही नको. कामाच्या दिवशी, तुझ्या ऑफिसच्या वेळेला, तुझ्याच रस्त्याने घे. गाणी बंद ठेव, शेजारच्या माणसालाही जरा गप्प बसायला सांग. तळघरात उतरव, त्या खांबापाशी वळव, रॅम्पवर मध्येच थांबवून पुन्हा चढव. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम बघ. आणि तिथे बसल्या बसल्या बुकिंगचे पैसे भरू नकोस, आधी मला फोन कर.

तुझा,
काका