नोटीस तुमच्या नावावर, टॉरेंट रूममेटचं

प्रश्न : मी जर्मनीत आखेनला एम.एस. करतो. फ्लॅटमध्ये आम्ही तिघे, वायफाय माझ्या नावावर. एका लॉ फर्मची नोटीस आली आहे : तुमच्या कनेक्शनवरून टॉरेंटने सिनेमा शेअर झाला, ‘पुन्हा असं करणार नाही’ अशा सोबतच्या हमीपत्रावर सही करा आणि दहा दिवसांत नऊशे युरो भरा. हे पुण्याहून नुकत्याच आलेल्या रूममेटचं काम आहे, तो माझ्याजवळ कबूलही झाला. पण त्याचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. बाकीचे म्हणतात, फेकून दे. व्हिसाला धक्का लागेल का?

उत्तर : फेकू नका, आणि सहीही करू नका. व्हिसाचं आधी सांगतो : ही दिवाणी मागणी आहे, पोलीस केस नाही.

आपल्याकडे सवय साइट ब्लॉक होण्याची. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टॉरेंट साइट्सविरुद्ध असा आदेश दिला, की तीच साइट नव्या पत्त्यावर उगवली तरी वेगळा दावा न लावता बंद करता येते. जर्मनीत मात्र हक्कधारक थेट तुमच्या दारात येतात. टॉरेंटवर सिनेमा उतरत असतानाच त्याचे तुकडे इतरांना जात असतात, आणि कायदा पकडतो तो हे वाटप. आयपी पत्ता टिपायचा, कोर्टाच्या परवानगीने इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचं नाव काढायचं, की नोटीस तयार. रूममेटचा लॅपटॉप बघा. त्यावर टाकलेलं टॉरेंट सॉफ्टवेअर बहुधा लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होत असेल आणि जुन्या फाइली अजून वाटत असेल. आजच बंद करायला लावा, नाहीतर दुसरं पाकीट येईल.

आता तुमची बाजू. सज्ञान रूममेटला आधी ताकीद द्यायचं बंधन कनेक्शनधारकावर नाही, हे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे ताकीद दिली नाही, एवढ्यावरून जबाबदारी तुमच्यावर येत नाही. दावा लागण्याआधी नाव सांगण्याचीही सक्ती नाही. पण दावा लागला, की माहीत असूनही गप्प राहणं तुमच्याच अंगाशी येतं, आणि ‘कोणी केलं ठाऊक नाही’ असं लिहून देणं म्हणजे कोर्टात खोटं बोलणं. मैत्री आहे ना? मग रूममेटनेच पुढे यावं, हे त्याला स्पष्ट सांगा.

त्यानेही छापील हमीपत्र जसंच्या तसं देऊ नये. त्यात बरेचदा गुन्हा कबूल केल्यासारखी भाषा असते, आणि एकदा दिलेली हमी वर्षानुवर्षं मानेवर राहते. मोडली तर वेगळा दंड. वकिलाकडून सुधारित हमीपत्र करून घ्यावं. रकमेवर घासाघीस होते; खासगी व्यक्तीच्या पहिल्या नोटिशीत हमीच्या मागणीवरची वकील फी कायद्याने एक हजार युरोच्या दाव्यावरच मोजायची असते, म्हणजे ती फी मर्यादित राहते; त्यामुळे नऊशेतला मोठा भाग भरपाईचा असणार आणि तिथेच कमी करून घेता येतं.

उत्पन्न आणि शिल्लक कमी असेल तर आम्ट्सगेरिश्टमधून, म्हणजे स्थानिक कोर्टातून, ‘बेराटुंग्सहिल्फे’चं (कमी उत्पन्न असलेल्यांना वकिलाचा सल्ला मिळवून देणाऱ्या सरकारी मदतीचं) पत्र मागा; मग वकिलाला तुम्ही द्यायचे पंधरा युरो. हे मुदतीच्या आत करा. जाताना नोटिशीची सगळी पानं न्या, आणि तिघांची नावं असलेला भाडेकरारही.